कारण लिहू नये

चाकणच्या एका कारखान्यात मी परचेसला आहे आणि राहते चऱ्होलीत. मधला रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मोशी सोडली की कंपनीची बस थांबते, सरकते, पुन्हा थांबते. त्या वेळेचं काय करायचं हे बसमधल्या प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं आहे. कोणी झोपतं. माझ्या शेजारची बाई दुसऱ्या दिवसाचा लसूण सोलते. मी मोबाइलवर मॉडरेटरचं काम करते.

मॉडरेटर म्हणजे इंटरनेटवरच्या एका समुदायाची देखरेख करणारी बाई. आमच्या समुदायात लोक फुकट मिळवण्याबद्दल बोलतात. छापणं बंद झालेली पुस्तकं, जुनी नाटकं, मशीनची मॅन्युअलं, महागडी सॉफ्टवेअरं. कायद्याच्या भाषेत याला पायरसी म्हणतात. माझा नवरा त्याला चोरबाजार म्हणतो आणि पाहुण्यांसमोर, "आमच्या मॅडम तिथल्या हवालदार," असं सांगून हसतो. मी त्याला अडवत नाही. वर्णन फारसं चुकीचं नाही.

हे सगळं कुठल्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर चालत नाही. मोशीला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी हौसेखातर स्वतःचा सर्व्हर उभा केला आहे. मशीन भाड्याचं, बाकी सगळं त्यांचं. असे स्वतंत्र सर्व्हर जगभर आहेत आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. आमच्याकडे शेजारच्या दोन सोसायट्या सामाईक भिंतीत फाटक ठेवतात, तसं. फाटक उघडं असलं की इकडची माणसं तिकडे जाऊन बोलू शकतात. तिकडच्या कमिटीला आपली माणसं आवडली नाहीत, तर ती फाटकाला कुलूप लावते.

मी तिथे शिलाई मशीनच्या मॅन्युअलसाठी गेले होते. मॅन्युअल मिळालं, पण आजूबाजूचा कचरा बघवेना. सट्ट्याच्या जाहिराती, व्हायरस असलेल्या लिंका, आईबहिणीवरून भांडणं. मी रोज तक्रारी करू लागले. शेवटी दुकानदारांनी लिहिलं, "मॅडम, एवढ्या तक्रारी करता त्यापेक्षा तुम्हीच झाडू घ्या." मी घेतला.

पहिल्याच महिन्यात आम्ही दोघांनी काही नियम केले. त्यातला एक असा, की काही मागायचं असेल तर वस्तूचं नाव लिहावं, कारण लिहू नये. बाहेरच्या माणसाला हा नियम विचित्र वाटतो. पण त्याआधी प्रत्येक मागणीला एक कहाणी असायची. वडील अंथरुणाला खिळलेले, बहिणीची फी भरायची, स्वतःला कावीळ झालेली. मग कहाण्यांची चढाओढ लागायची. कोणाची खरी, कोणाची खोटी यावर वाद. ज्याला गोष्ट रचता येत नाही तो मागे पडायचा. नियम आल्यावर हे थांबलं. परचेसमध्येही मी हेच करते. माल कुठला आणि किती ते सांगा, तुमच्या डिपार्टमेंटची रडकथा नको.

एक दिवस एका नव्या सभासदाने लिपिक भरतीच्या परीक्षेचं एक मार्गदर्शक पुस्तक मागितलं. त्याचं लिहिणं म्हणजे सलग एक वाक्य, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. कोणीतरी त्याला पुस्तकाची पानं स्कॅन करून केलेली फाइल दिली. त्यावर त्याचं उत्तर आलं, की फोटो नको मजकूर हवा. लोक चिडले. फुकटात मिळतंय आणि वर ह्याच्या अटी. "साहेब हॉटेलात आलेत, चटणी वेगळ्या वाटीत द्या," असं एकाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या सभासदाने पुन्हा तेच लिहिलं, फोटो नको मजकूर हवा.

फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर असतं. मराठीत ते बऱ्याचदा भलतंच काहीतरी लिहून ठेवतं, त्यामुळे प्रत्येक पान मूळ पानाशी ताडून दुरुस्त करावं लागतं. आमच्याकडच्या काही मंडळींना अशा कामाची खाज आहे. त्यांनी पुस्तक आपसांत वाटून घेतलं आणि दुरुस्त केलेली पानं समुदायातच, उघड्यावर टाकायला सुरुवात केली. यात सगळ्यात पुढे होता चाकणच्या एका प्लांटमध्ये कंत्राटावर असलेला एक मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. शिफ्ट सुटली की पानं घेऊन बसायचा. तोही तीच परीक्षा देणार होता, त्यामुळे त्याचा अभ्यास आयता होत होता. मला यात वावगं काही दिसलं नाही. आमच्याकडे रोज जे चालतं त्यापेक्षा हे वेगळं नव्हतं.

मग दुकानदारांना मेल आला. ज्या कंपनीचं मशीन भाड्याने घेतलं होतं, तिने प्रकाशकाची तक्रार पुढे पाठवली होती. पुस्तकाचं नाव, पानांच्या लिंका, सगळं होतं. काढून टाका, नाहीतर मशीन बंद करू. एवढं कमी होतं म्हणून शेजारच्या एका मोठ्या सर्व्हरच्या चालकानेही कळवलं, की तुमच्या या समुदायामुळे आम्ही फाटक बंद करण्याच्या विचारात आहोत.

दुकानदार घाबरले. त्यांच्या सर्व्हरवर आमचा एकच समुदाय नव्हता. आळंदीतले पखवाज शिकणारे विद्यार्थी तिथे बोलतात, कंपन्यांच्या बसगाड्यांचे मार्ग सांगणारा एक गट आहे, चाकणच्या बाजारातले कांद्याचे भाव रोज टाकणारा एक अडत्या आहे. एका पुस्तकापायी हे सगळं बुडालं असतं. त्यांनी मला ती पानं काढायला सांगितली आणि रविवारी दुकानावर यायला सांगितलं. पूर्ण समुदायच बंद करायचा का, ते तिथे ठरणार होतं.

पानं मी त्याच संध्याकाळी काढली. ज्याने पुस्तक मागितलं होतं त्याला खाजगी निरोप टाकला, की तक्रार आली आहे, पुस्तक काढलं आहे, पुन्हा मागू नये. त्याचं लगेच उत्तर आलं, फोनवर बोलता येईल का. मी सहसा कोणाला नंबर देत नाही. पण भांडायचंच असेल तर थेट बोलून भांडू दे, म्हणून ऑफिसचा लँडलाइन नंबर दिला.

फोन जेवणाच्या सुट्टीत आला. आवाज बसका, बोलणं मराठवाड्याचं. आधी त्याने माझं जेवण झालं का विचारलं. मग म्हणाला, "ताई, त्या पुस्तकाचं काम थांबवू नका बरं का. मी आंधळा हाय. माझा फोन मला वाचून दाखवतो, पण फोटो त्याला वाचता येत नाही."

मी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमचाच नियम हाय नं. कारण लिहू नये. पहिल्या दिवशीच वाचून घेतला मी."

माणूस नियम पाळणारा होता. आमच्याकडे असे फार नसतात.

त्याने बाकीचं सांगितलं. तो चाकणच्याच एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता, एजन्सीमार्फत. आता तिथे रेकॉर्ड केलेला आवाज फोन उचलणार होता, स्टोअर्ससाठी एक दाबा, अकाउंट्ससाठी दोन दाबा. म्हणजे त्याची खुर्ची जाणार. बायको, दोन मुलं, कुरुळीत भाड्याची खोली. दिव्यांगांच्या कोट्यातून लिपिकाची जागा निघाली होती आणि वयात बसणारी ही त्याची शेवटची परीक्षा. बाजारातलं पुस्तक त्याने रीतसर विकत आणलं होतं. ते घरी कपाटावर पडलं होतं. बायकोला मराठी वाचता येत नव्हतं, ती सीमेपलीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. प्रकाशकाला त्याने फोन केला होता. तिथल्या माणसाने सांगितलं, आमच्याकडे फक्त छापील मिळतं.

मला वाईट वाटलं, पण ते मी बोलले नाही. त्याऐवजी तक्रारीचं सांगितलं. सर्व्हर बंद होईल, माझा नाइलाज आहे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "ताई, चोरी तुम्ही करत असाल. माझं कायद्यात बसतं."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी एक कलम होतं. ज्याला छापील वाचता येत नाही त्याच्यासाठी, त्याला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला परवानगी लागत नाही. मी विश्वास ठेवला नाही. परचेसमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तोंडी गोष्टीवर विश्वास बसत नाही. मी त्याला दिव्यांगत्वाचं ओळखपत्र पाठवायला सांगितलं. ते पाच मिनिटांत आलं. मग बसमध्ये कायदा उघडून वाचला. कलम होतं. पण पुढे अटही होती. ही प्रत फक्त अशा माणसालाच द्यायची. ती इतरांच्या हातात, बाजारात जाऊ द्यायची नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "इतकं सोपं काहीच नसतं. पण हो, हे आहे."

म्हणजे गंमत अशी झाली होती, की आमच्या सगळ्या समुदायात कायदेशीर म्हणता येईल असं एकच काम चाललं होतं आणि तेच आम्ही उघड्यावर मांडून बेकायदेशीर करून ठेवलं होतं. त्याने कारण लिहिलं असतं तर आम्ही पहिल्यापासून ते बाजूला, दार लावून केलं असतं.

रविवारी मोशीला गेले. दुकानदार बॅटरीत पाणी भरत होते. मी सगळं सांगितलं, कलमाची प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि परत दिली.

"मॅडम, मला कायदा नको," ते म्हणाले. "मला पुन्हा मेल यायला नको."

"येणार नाही. पुस्तक सर्व्हरवर नसेल. आम्ही चारपाच जण बाहेर, फोनवर काम करू आणि फाइल फक्त त्या माणसाला जाईल."

"आणि बाकीचा चोरबाजार?"

"बोलणं चालू ठेवू. फाइल आणि थेट लिंक बंद. कोणी टाकली तर मी काढेन."

त्यांनी बराच विचार केला. मधे एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मग ते म्हणाले, की एक महिना बघतो. एकही तक्रार आली तर समुदाय बंद, तुम्हाला न विचारता. मी हो म्हटलं. शेजारच्या सर्व्हरवाल्यालाही आम्ही तिथेच बसून बदललेले नियम कळवले. फाटक उघडं राहिलं.

नवे नियम लावल्यावर अपेक्षेप्रमाणे शिव्या पडल्या. त्या मला लागत नाहीत. पंधराएक सभासद दुसऱ्या सर्व्हरवर निघून गेले, जाताना मोठे निरोप लिहून. अवघड गेलं ते फक्त त्या कंत्राटावरच्या मुलाचं. बंद गटात काम करायला मी त्याला बोलावलं, कारण त्याच्यासारखं बारकाईने कोणी तपासत नव्हतं. पण सोबत अटही सांगितली. तपासायला एकेक पान मिळेल, पूर्ण फाइल मिळणार नाही, आणि पान स्वतःजवळ ठेवायचं नाही.

त्याने फोनच केला.

"ताई, निम्मं पुस्तक मी तपासलं. आणि मलाच नाही?"

"नाही. तुला दिसतं."

"हे बरंय. चोरांच्या गल्लीत तुम्ही वॉचमन बसवला. आणि पहिला पकडला कोण, तर मी."

"तू पुस्तक विकत घे."

"घेतलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. गटातूनही गेला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण एकदा त्याला फाइल दिली असती तर ती त्याच्या रूमवरच्या सगळ्यांकडे गेली असती, तिथून आकुर्डीच्या एखाद्या क्लासमध्ये, आणि मग ऑपरेटरचं कलम, दुकानदारांचा सर्व्हर, दोन्ही गेलं असतं. चोरी होऊ नये म्हणून चोरीच्याच समुदायात पहारा द्यायची वेळ माझ्यावर आली होती. नवऱ्याने यावर बरेच दिवस करमणूक करून घेतली.

मुलगा गेल्यामुळे काम अडलं. रजेचे नियम आणि वेतनाचे तक्ते असं एक प्रकरण उरलं होतं आणि त्यावर हमखास प्रश्न येतात. ते त्याच्याकडे होतं. तक्ता आंधळ्या माणसासाठी फार वाईट. फोन तो उभा वाचतो की आडवा, काही कळत नाही. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, तक्ता मोडून वाक्यं करा. म्हणजे अमुक वर्षं नोकरी झाली तर इतकी रजा, तमुक झाली तर इतकी. मी ते करायला घेतलं. जाताना-येताना, बसमध्ये. शेजारची बाई लसूण सोलता सोलता मला प्रिंटवरून तक्त्यातला मजकूर वाचून दाखवायची आणि मी टाइप करायचे. तिला वाटलं मी परीक्षेला बसते आहे. ती म्हणाली, या वयात चांगलं आहे हो. मी तिला तसंच वाटू दिलं.

एका पानावर गाडी अडली. स्कॅन करणाऱ्याचा अंगठा पानाच्या कडेवर आला होता आणि त्याखाली वैद्यकीय रजेचे आकडे झाकले गेले होते. ऑपरेटरच्या घरी छापील पुस्तक होतं, पण ते वाचणार कोण. त्याच्या बायकोने पानाचा फोटो काढून पाठवला. तो भलत्याच पानाचा. पुन्हा पाठवला, तर हलला. तो तिच्यावर वैतागल्याचं मला फोनवर ऐकू आलं. तीही त्याला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, ज्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.

त्याच आठवड्यात समुदायात एक फोटो आला होता. कंत्राटावरच्या मुलाने टाकलेला. नवं कोरं तेच पुस्तक, वर दुकानाचा शिक्का, आणि खाली लिहिलेलं, "घेतलं विकत. झालं समाधान?" आता मी त्याला निरोप टाकला, की अमुक पानावरचे वैद्यकीय रजेचे आकडे हवे आहेत.

"कशाला हवेत?" त्याने विचारलं. मी लिहायला लागले तोवर त्याचाच दुसरा निरोप आला, "राहू द्या. कारण लिहू नये." आणि खाली आकडे. वर माझी वाक्यंही मागून घेतली आणि रात्रीतून पूर्ण प्रकरण पुन्हा ताडून पाहिलं. माझ्या वाक्यांत दोन ठिकाणी पूर्ण पगारी आणि अर्धपगारी रजेची अदलाबदल झाली होती, तीही काढून दिली. मी धन्यवाद लिहिलं. त्याने होकाराच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं. त्यापुढे आमचं यावर बोलणं झालं नाही.

पूर्ण पुस्तक ऑपरेटरच्या फोनवर गेलं तेव्हा परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. त्याने ते किती वेगात ऐकलं हे मला एकदा त्याने फोनवरच ऐकवलं. मला एकही शब्द कळला नाही, नुसती किरकिर. त्याला सगळं कळत होतं. कारखान्यात फोन कमी येऊ लागले होते, कारण नवा आवाज निम्म्या लाइनींवर बसलाही होता. त्यामुळे कामाच्या वेळेतच त्याचा अभ्यास झाला. परीक्षेला तो लेखनिक घेऊन गेला. रजेच्या प्रकरणावर प्रश्न आले.

निकाल लागायला सरकारी वेळ लागला. दरम्यान त्याची खुर्ची गेली आणि काही महिने तो कुरुळीच्या खोलीतून एका कुरिअरवाल्याचे फोन घेत होता. आमच्या समुदायावर एकही तक्रार आली नाही. म्हणजे लिंका टाकणारे थांबले असं नाही. मी काढण्यात पटाईत झाले. निकाल लागला तेव्हा कंत्राटावरच्या मुलाचं नाव यादीत नव्हतं. तो पुढच्या वेळची तयारी करतो आहे, आणि आता समुदायात कोणी फाइल मागितली तर माझ्याआधी तोच हटकतो.

ऑपरेटर पास झाला. जागा एका सरकारी कार्यालयात मिळाली, त्याच्याच जिल्ह्यात. रुजू झाल्यावर त्याने मला ऑफिसच्या नंबरवर फोन केला. आधी पुन्हा जेवणाचंच विचारलं. टेबल मिळालं का, मी विचारलं.

"मिळालं की. टेबल हाय, खुर्ची हाय, समोर फायलींचा ढीग हाय. सगळ्या कागदाच्या." तो हसत होता. "आता ह्या कोण वाचून देणार ताई?"

"ते तुमचं ऑफिस बघेल," मी म्हटलं. "त्यांना लेखी मागा. वाचून दाखवणारं मशीन आणि स्कॅनर. द्यावं लागतं त्यांना, नियम आहे. आणि मागताना कारण नीट लिहा."

तो म्हणाला, अर्ज आजच देतो. मग त्याच्याकडे दुसरी लाइन वाजली, सवयीने त्याने मला होल्डवर टाकलं, आणि तिकडे बोलताना मला विसरून गेला. मी थोडा वेळ थांबले. माझ्या टेबलावर बेअरिंगची कोटेशनं आली होती. मी फोन ठेवला आणि ती उघडली.